रसेलच्या लाकडी चर्चसाठी एक तास राखून ठेवा

न्यूझीलंडच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांना आणि त्यांच्या टूर मॅनेजरांना खुले पत्र

स.न.वि.वि.

न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या बे ऑफ आयलंड्स या उपसागराचा दिवस बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत सारखाच छापलेला असतो. पाइहियाहून बोट, होल इन द रॉक, परतीच्या वाटेवर रसेलला उतरणं, किनाऱ्यावर फोटो, आइस्क्रीम, आणि वेळ उरलाच तर ‘न्यूझीलंडचं सर्वांत जुनं चर्च’. वेळ उरत नाहीच. मंडळी फाटकातून आत येतात, पांढऱ्या भिंतीसमोर एक ग्रुप फोटो निघतो आणि ‘चला, बोट सुटेल’ सुरू होतं. तुमच्याकडे आमची मागणी सरळ आहे. या जागेला एक तास द्या, आणि त्या तासात जे सांगाल ते बरोबर सांगा.

आधी जे सांगितलं जातं त्यातली दुरुस्ती.

‘रसेल ही न्यूझीलंडची पहिली राजधानी.’ नाही. पहिली राजधानी ओकियाटोला होती. बस घेऊन ओपुआची वाहनांची फेरीबोट पकडलीत तर पलीकडे उतरता तेच ते ओकियाटो. तिथून रसेल गाव आठेक किलोमीटर पुढे. १८४० मध्ये ओकियाटोलाच रसेल म्हणत. १८४१ मध्ये राजधानी ऑकलंडला गेली, १८४२ मध्ये ओकियाटोची सरकारी इमारत जळाली, आणि पुढे ते नाव शेजारच्या कोरोरारेका गावाला लागलं. चर्च आहे ते या कोरोरारेकात. तेव्हा राजधानीबद्दल बोलायचं असेल तर फेरीवरून उतरताना ओकियाटोला बोला. चर्चच्या दारात बोललात तर जागाच चुकते.

‘हे न्यूझीलंडमधलं पहिलं चर्च.’ हेही नाही. आज उभ्या असलेल्या चर्चांत ते सर्वांत जुनं, १८३५-३६ चं. देशातली पहिली ख्रिस्ती उपासना सॅम्युअल मार्सडेन यांनी २५ डिसेंबर १८१४ रोजी ओइहीच्या किनाऱ्यावर चालवली, ती जागा याच उपसागराच्या उत्तर टोकाला. आणि देशातली सर्वांत जुनी इमारत केरीकेरीला आहे, १८२१-२२ चं मिशन हाउस, तेही लाकडीच. स्टोन स्टोअर दाखवायला तुम्ही तिथे बस थांबवताच. शेजारच्या त्या पांढऱ्या घराकडे मात्र पाठ असते.

तिसरं वाक्य सर्वांत लोकप्रिय आहे: ‘हे चर्च डार्विनने बांधलं.’ बीगल जहाज २१ ते ३० डिसेंबर १८३५ या दहा दिवसांत या उपसागरात नांगरलेलं होतं. चर्चचं काम तेव्हा चालू होतं. कॅप्टन फिट्झरॉय, डार्विन आणि जहाजावरच्या इतरांनी वर्गणी दिली, एवढंच. गावातल्या इंग्रज वस्तीबद्दल डार्विनचं मत इतकं वाईट होतं की त्याने ते छापूनही टाकलं: समाजातला गाळ इथे साचलाय, अशा अर्थाचं. कोरोरारेका तेव्हा व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजांचं बंदर होतं. दारू, बंदुका, पळून आलेले खलाशी. मिशनऱ्यांचं ठाणं समोरच्या काठाला पाइहियाला. म्हणजे हे चर्च मिशनने आपल्या आवारात बांधलेलं नाही. गावातल्या रहिवाशांनी वर्गणी काढून, इथले मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या प्रमुखांकडून मिळालेल्या जागेवर ते उभं केलं. जागेच्या व्यवहारात एक अट होती, ती नक्की सांगा: या दफनभूमीत माओरी आणि परदेशी, दोघांना पुरण्याचा समान हक्क. कबरींमधून फिरताना दोन्ही तऱ्हांची नावं शेजारी शेजारी दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आता वास्तू. तिचं आजचं रूप १८३६ चं नाही, हे आधी लक्षात घ्या. मूळ इमारत म्हणजे एक साधी आयताकृती लाकडी खोली होती. देवळाचा किंवा चर्चचा म्हणून काही थाट नव्हता. त्यामुळेच ती सभेला, न्यायालयाला, सरकारी वाचनाला, कशालाही चालली. ३० जानेवारी १८४० रोजी, ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या वाइटांगीच्या कराराच्या बरोब्बर आठवडाभर आधी, कॅप्टन विल्यम हॉब्सनने याच खोलीत जमलेल्या लोकांसमोर राणीचे आदेश आणि स्वतःचे जाहीरनामे वाचले. न्यूझीलंड हे न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत धरलं गेलं आहे, आपण लेफ्टनंट गव्हर्नर आहोत, आणि इथून पुढे सरकारकडून न आलेला किंवा सरकारने मान्य न केलेला जमिनीचा हक्क धरला जाणार नाही, असा त्याचा आशय. समोर बसलेल्या अनेकांनी माओरींकडून परस्पर जमिनी घेतल्या होत्या. त्यांचे चेहरे कसे झाले असतील ते तुम्हीच रंगवून सांगा. गुंठेवारीचे कागद सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रसंग फार समजावून सांगावा लागत नाही.

आज जे दिसतं, म्हणजे भिंतीला टेकलेले लाकडी आधारखांब, गॉथिक वळण, प्रवेशाचा पोर्च, घंटेचा छोटा मनोरा, ते बरंचसं १८७१ च्या मोठ्या डागडुजीतलं. ‘क्राइस्ट चर्च’ हे नावही १८७३ पासूनचं. दगडी चर्चला असतात तसे बाहेरचे आधारखांब लाकडात केले, की रूप येतं आणि भिंतही सावरते, पण सुताराच्या डोक्याला कायमचा ताप होतो. खांबाच्या उतरत्या माथ्यावर पाणी रेंगाळतं. खांब भिंतीला भिडतो त्या कोपऱ्यात ऊन-वारा पोचत नाही. आणि पायथा जमिनीजवळ असल्यामुळे मातीचा ओलावा वर चढतो. लाकडी इमारत तपासणारा माणूस आधी या तीन जागा बघतो, मग खिडक्यांच्या खालच्या चौकटी, मग सर्वांत खालची फळी.

या भागातल्या त्या काळच्या इमारतींचं लाकूड म्हणजे कौरी. हे झाड फक्त न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडे नैसर्गिकरीत्या वाढतं. बुंधा सरळसोट, खालच्या फांद्या स्वतःहून गळून पडतात, त्यामुळे मोठाल्या लांबीची, जवळजवळ बिनगाठीची फळी मिळते. ब्रिटिश आरमाराचा कौरीवर डोळा होता तो डोलकाठ्यांसाठी. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून, एक माणूस वर आणि एक खाली, अशी करवत ओढून फळ्या काढत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. हाताच्या करवतीने ओढलेल्या फळीवर सरळ, पण कमी-जास्त अंतरावरचे तिरके ओरखडे राहतात. गोल यांत्रिक करवतीचे ओरखडे कमानीसारखे वाकडे असतात. केरीकेरीपासून रसेलपर्यंत जिथे जिथे उघडं, रंधा न मारलेलं जुनं लाकूड दिसेल तिथे ही खूण तपासायला सांगा. पर्यटकांना हा खेळ आवडतो, आणि मुलं तर मोठ्यांच्या आधी ओळखतात.

भिंतीच्या फळ्या आडव्या असतात, वरची फळी खालचीवर थोडी चढलेली. खिळा कुठे मारला आहे यावर अशा भिंतीचं आयुष्य ठरतं. दोन्ही फळ्यांतून एकच खिळा ठोकला तर पावसाळ्यात फुगणारं आणि उन्हाळ्यात आक्रसणारं लाकूड दोन खिळ्यांमध्ये अडकतं आणि फळी रेषेवर चिरते. म्हणून खिळा जोडाच्या किंचित वर, एकाच फळीतून जायला हवा. समुद्रकाठी दुसरा त्रास असतो. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, गंजताना फुगतो, फळी आतून फोडतो आणि रंगावर तपकिरी ओघळ सोडतो. तसा ओघळ दिसला की वरून रंग मारून काही होत नाही, खिळाच काढावा लागतो.

मराठी माणसाला इथे हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे सूर्य. दक्षिण गोलार्धात तो उत्तरेकडून जातो. त्यामुळे लाकडी इमारतीची उत्तरेकडची भिंत तापते, रंग आधी तिथे तडकतो. दक्षिणेची भिंत ओलसर राहते आणि शेवाळ तिथे धरतं. चर्चभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावा, आणि मंडळींना रंग आणि शेवाळ बघून दिशा ओळखू दे. घराची ‘दक्षिणमुखी’ भानगड इथे उलटी होते, हे कुणीतरी बोलतंच. मग सगळे हसतात, आणि पुढचं ऐकायला तयार होतात.

या फेरीतच ज्यासाठी लोक येतात ती गोष्ट येते: गोळ्यांची भोकं.

११ मार्च १८४५. होने हेके आणि ते रुकी कावीती या दोन प्रमुखांच्या माणसांनी कोरोरारेकावर पहाटे हल्ला केला. कारण गावाच्या वरच्या माइकी टेकडीवरचा ब्रिटिश झेंड्याचा ध्वजस्तंभ. हेकेच्या बाजूने तो आधी तीनदा तोडला होता: ८ जुलै १८४४, १० जानेवारी आणि १९ जानेवारी १८४५. चौथ्यांदा तोडला तो या दिवशी. राजधानी ऑकलंडला गेली, जकात लागली, जहाजं येईनाशी झाली, आणि उपसागरातल्या माओरींचं उत्पन्न आटलं. वर कराराने जे कबूल केलं असं वाटत होतं ते प्रत्यक्षात दिसेना. वाइटांगीला करारावर सगळ्यांत आधी सही करणारा प्रमुख हा हेकेच होता. त्याने काठी तोडली म्हणजे ‘बंडखोर माओरी चिडले’ एवढं सांगून भागत नाही.

हेके टेकडीवर असताना कावीतीची माणसं खालून गावात घुसत होती, आणि हॅझर्ड या युद्धनौकेचे खलाशी व सैनिक कार्यवाहू कमांडर डेव्हिड रॉबर्टसनच्या हाताखाली त्यांना भिडले. भिडले ते याच चर्चच्या आसपास, कबरींच्या आडोशाने. रॉबर्टसन जबर जखमी झाला. दुपारी गावच्या तटबंदीतला दारूगोळा उडाला, लोक जहाजांवर पळाले, हॅझर्डने गावावर तोफा डागल्या आणि नंतर गाव लुटलं व जाळलं गेलं. दोन्ही चर्चं आणि गावाचं दक्षिण टोक मात्र राहिलं. ‘चमत्काराने वाचलं’ असं कृपया सांगू नका. हेकेचा तसा हुकूम होता. १८३५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला तो माणूस होता.

आता भोक ओळखायचं कसं. भिंतीवर चार प्रकारची भोकं असतात आणि पर्यटक चारींवर बोट ठेवून ‘गोळी, गोळी’ म्हणतात. दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचं, सुईने टोचल्यासारखं गोल भोक म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. खाली पिठासारखा भुसा सांडला असेल तर किडा अजून जिवंत आहे. चार-सहा मिलिमीटरचं, गंजाचा डाग असलेलं, ते खिळ्याचं. गाठ सुटून पडलेली जागा लंबगोल असते, आणि तिच्याभोवती लाकडाच्या रेषा वळसा घालून गेलेल्या दिसतात. गोळीच्या भोकाभोवती रेषा वळत नाहीत, तुटतात. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, शिशाची गोळी त्याहून थोडी लहान. मऊ लाकडात तंतू परत मिटतात, त्यामुळे भोक गोळीपेक्षा किंचित लहानच राहतं. गोळी शिरते ती बाजू बरीचशी साफ असते आणि निघते त्या बाजूला लाकूड कपच्यांनी उसवतं. कडांवरून आजवर रंगाचे इतके थर गेलेत की त्या बोथट, गुळगुळीत झाल्यात; धारदार कडा शोधत बसू नका. तोफगोळ्याची जखम वेगळी, ती आकारावरूनच कळते. आणि गोळी कुणाची, हे भोकावरून ठरवता येत नाही. चर्च दोघांच्या मध्ये होतं, आणि बंदुका दोन्हीकडे होत्या.

भोकात बोट घालू देऊ नका. किल्ली, पेन, नाणं तर नाहीच. बसांमधल्या दोनशे माणसांची बोटं एका जागी फिरली की रंग निघतो, रंग निघाला की पाणी शिरतं, आणि फळीच्या आतला उघडा तंतू कुजायला लागतो. जुन्या रंगाच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं, त्यामुळे नखाने पोपडा काढून ‘आठवण’ म्हणून खिशात टाकणाऱ्यालाही थांबवा. अशी भोकं लांबीने भरून का टाकत नाहीत, असं कुणी विचारलं तर उत्तर दोन भागांत द्या. एक, ती इतिहासाची साक्ष आहेत. दुसरं, लांबी किंवा सिलिकॉन लाकडाबरोबर हलत नाही. कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. कुजका भाग खरोखर काढावाच लागला तर चांगला सुतार तेवढाच तुकडा कापतो, काप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतो म्हणजे पाणी निथळतं, आणि जुन्या पाडलेल्या इमारतीतून आलेली कौरी त्याच रेषेच्या दिशेने बसवतो. अख्खी फळी बदलणं स्वस्त पडतं, पण मग जुन्यातलं काही उरत नाही.

जमिनीखालचं काही पर्यटकांना दिसणार नाही, तरी दोन वाक्यं सांगण्यासारखी आहेत. लाकडी इमारत इथे पायावर नाही, खुंटांवर उभी असते, आणि फरशीखालून वारा खेळत राहावा लागतो. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे चढत गेले, माती खालच्या फळीला टेकली, की वारा बंद आणि कुज सुरू. अशा खुंटांसाठी उत्तरेत वापरलेलं नावाजलेलं लाकूड पुरीरी, जे आपल्या निर्गुडीच्या गणातलं आहे. गटात कुणी आयुर्वेदाची आवड असणारं असतंच, त्यांना हे आवडेल.

दफनभूमीत दोन थांबे पुरेत. हॅझर्डवरच्या मृतांची कबर, आणि तामाटी वाका नेने यांची. नेने १८७१ मध्ये वारले. दगडावर हे नाव वाचून प्रत्येक बसमध्ये कुणीतरी ‘कोकणस्थ का?’ विचारतं, हसून घ्या आणि लगेच पुढचं सांगा, कारण ते महत्त्वाचं आहे. नेने आणि हेके दोघेही ङापुही जमातीचेच. नेनेंनी वाइटांगीला कराराच्या बाजूने भाषण केलं आणि १८४५ च्या लढाईत ते हेकेविरुद्ध लढले. म्हणजे ‘गोरे विरुद्ध माओरी’ ही मांडणी इथे टिकत नाही. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांचा इतिहास शाळेत शिकलेल्या श्रोत्यांना असे तिढे नवे नाहीत.

मुंबईचा एक धागाही खरा आहे, तो वापरा; पण जागच्या जागी. नोव्हेंबर १८४५ मध्ये नवा गव्हर्नर जॉर्ज ग्रे ऑकलंडला उतरला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातल्या एल्फिन्स्टन या जहाजातून, आणि त्या जहाजाचे खलाशी पुढे रुआपेकापेकाच्या लढाईत होते. कावीतीचं तिथलं ठाणं ११ जानेवारी १८४६ रोजी पडलं. ही जागा कावाकावाच्या दक्षिणेला, ऑकलंडच्या हमरस्त्यापासून थोडी आत. म्हणजे बस पाइहियाकडे येताना हे सांगायची वेळ. चर्चच्या भिंतीवरच्या गोळ्यांशी एल्फिन्स्टनचा संबंध नाही, ते जहाज नंतर आलं. आणि कुणी प्रभादेवी (पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड) स्टेशनची आठवण काढली तर एवढं सांगा: कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळा, स्टेशनवाला लॉर्ड एल्फिन्स्टन त्याचा पुतण्या.

वागण्याबद्दल थोडं. माओरी रीतीनुसार दफनभूमी तापू, म्हणजे पवित्र आणि निर्बंध असलेली, असते. तिथे खायचं-प्यायचं नाही. भाकरवडीचं पाकीट आणि पाण्याची बाटली फाटकाबाहेरच पिशवीत जाऊ द्या. कबरीवर बसायचं नाही, तिच्यावरून ओलांडायचं नाही, ग्रुप फोटोसाठी दगडाला रेलायचं नाही. बाहेर पडताना हातावर पाणी घेतात. स्मशानातून आल्यावर आंघोळ करणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायचीही गरज पडू नये. चर्च वापरातलं आहे. उपासना, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर आत जायचं नाही, रविवारी सकाळी तर गट नेऊच नका. आत बाकांवर भरतकामाच्या उशा आहेत, या उपसागरातली चित्रं असलेल्या. बघायच्या, उचलून मांडीवर घेऊन फोटो काढायचे नाहीत. ओल्या छत्र्या पोर्चमध्ये. निघताना देणगीपेटीत माणशी काही टाकायला सांगा. लाकडी भिंतीच्या रंगाचा आणि सुताराचा खर्च थांबत नाही.

वेळेचा हिशोब असा बसतो. धक्क्यापासून चर्च चालत पाचेक मिनिटं. चाळीसचा गट असेल तर दोन भाग करा: एक आत, एक बाहेरच्या फेरीवर आणि दफनभूमीत, वीस मिनिटांनी अदलाबदल. उरलेल्या वेळात प्रश्न आणि फोटो. पाइहियाची प्रवासी फेरीबोट साधारण पंधरा मिनिटांत पलीकडे पोचते, एक सुटली तर पुढची मिळते. पण हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, शेवटची किती वाजता ते आधी विचारून ठेवा. ६ फेब्रुवारीच्या, म्हणजे कराराच्या दिवसाच्या, आठवड्यात वाइटांगीला मोठी गर्दी असते, तेव्हा रसेलचा दिवस पुढे-मागे करा. आणि त्यानंतर कौरीचं जंगल दाखवणार असाल तर वाटेच्या तोंडाशी असलेल्या जागी बूट घासून, फवारून घ्यायला लावा. कौरीच्या मुळांना मारणारा रोग बुटाच्या मातीतून पसरतो, आणि चिमूटभर माती पुरते.

पुढच्या मोसमाच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जातील तेव्हा ‘रसेल: ओरिएंटेशन अ‍ॅज पर टाइम’ छापाच्या ओळीऐवजी ‘रसेल: क्राइस्ट चर्च, १ तास’ असं लिहा. वेळ कुठून काढायचा असेल तर खरेदीच्या थांब्यातून काढा.

आपले,
न्यूझीलंडच्या उत्तर भागात जुन्या लाकडी इमारतींच्या डागडुजीचं आणि वाटाड्याचं काम करणारे काही मराठीभाषक